पूतना, बांकाबाई आणि आपले संमेलन

आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एकांकिका होते. पडदा सरकतो तेव्हा रंगमंचावर एक सोफा असतो, एक टेबल-लँप असतो आणि मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक दुःखी जोडपे असते. सोफा दरवर्षी कोणाच्या तरी ओळखीने मागून आणावा लागतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सोफा नाही. जोडप्याचे दुःखही असेच मागून आणलेले असते. मुंबई-पुण्याच्या लेखकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु मौद्याच्या मुलामुलींनी वर्षातून एकदा रंगमंचावर उभे राहायचे आणि तेही दुसऱ्याच्या घरात जाऊन, हे मला पटत नाही. सांगण्यासारखे आपल्याजवळ काहीच नाही काय?

आहे. भरपूर आहे. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते आपल्या दारावरून ओरडत जाते आणि आपण पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो. मी मारबतीविषयी बोलते आहे. यंदाच्या संमेलनात मारबतीची गोष्ट नाटक म्हणून उभी करावी, असे माझे मत आहे. मात्र ती जशीच्या तशी उभी करू नये, असेही माझे मत आहे. या दोन्ही मतांची कारणे मी या लेखात मांडणार आहे.

मूळ गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कंसाने धाडलेली पूतना सुंदर स्त्रीचे रूप घेऊन गोकुळात आली, विषारी स्तन तिने बाळकृष्णाच्या तोंडी दिले आणि कृष्णाने दुधाबरोबर तिचे प्राणही शोषून घेतले. गोकुळवासीयांनी तिचे अवाढव्य धूड गावाबाहेर नेऊन जाळले. आपल्याकडचे लोक सांगतात की मारबत म्हणजे तीच पूतना. पोळ्याला दाराशी पळसाच्या डहाळ्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पहाटे त्या उचलून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि जाताना खोकला, ताप, ढेकूण, डास, इडा-पिडा सारे काही घेऊन जा, असे मारबतीला ओरडून सांगायचे. खेड्यातली मारबत एवढीच. तिला ना तोंड, ना साडी. ती एक डहाळी आहे.

येथून नागपूर तासाभराच्या वाटेवर आहे. तेथे मात्र हीच डहाळी पुतळा होते. बांबूच्या कामट्या, कागद, कापड आणि रंग यांच्या उंचच उंच मारबती निघतात, एक काळी आणि एक पिवळी. पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासूनची सांगतात आणि काळीची त्याच्याही काही वर्षे आधीची. इतवारी भागात दोघींची भेट होते आणि ती पाहण्यासाठी रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा उरत नाही. सोबत बडगे असतात. महागाईचा बडग्या, हुंड्याचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या. त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचा पुतळा करायचा, त्याला गावभर मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. वर्तमानपत्राच्या अग्रलेखाला जे जमत नाही ते बडग्याला जमते, कारण अग्रलेख वाचायला अक्षर लागते आणि बडग्या नुसता पाहिला तरी कळतो.

आता मुख्य मुद्दा. नागपूरचे लोक काळ्या मारबतीला आणखी एक नाव देतात, बांकाबाई. भोसल्यांच्या घराण्यातल्या या राणीने इंग्रजांशी संधान बांधले, राज्य घालवले, म्हणून तिचा निषेध करण्यासाठी काळी मारबत निघाली, असे सांगितले जाते. म्हणजे सणाची एक जुनी पुराणकथा घेऊन तिच्यात आपल्या गावचा इतिहास ओतायचा, हे काम नागपूरच्या साध्यासुध्या माणसांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. त्यांना रूपांतर हा शब्द ठाऊक नसेल. पण त्यांनी जे केले ते रूपांतरच होते.

असे जगभर होत आले आहे. इंग्रजीच्या तासाला सरांनी चार्ल्स डिकन्सच्या नाताळच्या गोष्टीविषयी सांगितले होते. एक कंजूष सावकार, नाताळच्या रात्री त्याला भेटणारी भुते आणि सकाळी पालटलेले त्याचे मन. हे पुस्तक १८४३ च्या डिसेंबरात निघाले आणि पुढच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याचे नाट्यप्रयोग एकाच वेळी अनेक नाटकगृहांत सुरू झाले होते. तेव्हापासून आजपर्यंत ती गोष्ट कितीतरी देशांत, कितीतरी गावांच्या वेशात उभी राहिली. ती टिकली याचे एक कारण हे की प्रत्येक गावाला आपापला कंजूष सावकार ठाऊक असतो. आपल्या मराठीतले उदाहरण तर याहून मोठे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगमंचावर आले. गोष्ट महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही तो दिसला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. पुराणातली गोष्ट निरुपद्रवी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही बंदी लक्षात ठेवावी.

मग आपण नागपूरकरांचे तयार रूपांतर उचलावे आणि काळ्या मारबतीला बांकाबाईचे लुगडे नेसवून रंगमंचावर जाळून टाळ्या घ्याव्यात का? माझे उत्तर नाही असे आहे. कारण इतिहासाची पाने उलटली की ही गोष्ट इतकी सरळ राहत नाही.

दुसरे रघुजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी गादीवर आला. तो शरीराने आणि मनाने दुबळा होता. बांकाबाई ही रघुजींची विधवा. कारभार आपल्या पक्षाच्या हाती राहावा म्हणून तिने प्रयत्न केला. पण परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब याने तिच्या पक्षावर मात केली आणि सत्ता हाती घेतली. आणि इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह कोणी केला? बांकाबाईने नव्हे. तो मे १८१६ मध्ये आप्पासाहेबांनी केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी महालात मृत सापडला. त्याला मारवले असा संशय होता, आणि त्या संशयाचे बोट आप्पासाहेबांकडे होते. पुढे हेच आप्पासाहेब इंग्रजांविरुद्ध उठले. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. ती भोसल्यांनी गमावली. १८१८ मध्ये आप्पासाहेब कैदेत पडले, वाटेतून निसटले, रानोमाळ हिंडले आणि शेवटी १८४० साली जोधपूरला वारले.

आप्पासाहेबांचे शौर्य खोटे होते असे मी म्हणत नाही. त्यांना मी लहान करू इच्छित नाही. माझे म्हणणे इतकेच की ज्याने तह केला त्याचा पुढे वीर झाला आणि जिच्या हाती तेव्हा सत्ताच नव्हती तिची राक्षसीण झाली. हा हिशेब कोणी केला, हे विचारायला नको काय?

बांकाबाई निर्दोष होती, असेही मी म्हणत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी रघुजींच्या मुलीच्या मुलाला, एका लहान पोराला, तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवले. बांकाबाई त्याच्या वतीने राज्याची पालक झाली, आणि खरा कारभार रेसिडेंट जेंकिन्स पाहू लागला. ती व्यवस्था तिने मान्य केली, तिचा लाभही घेतला. १८५७ साली नागपूरच्या घोडदळातील शिपायांचा उठावाचा बेत फसला, तेव्हाही म्हाताऱ्या राणीने आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले, असे इतिहासकार नोंदवतात. लोकांचा राग हवेतून आलेला नाही.

पण या दोन घटनांच्या मध्ये काय झाले ते पाहा. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघुजी पुत्राविना वारला. डलहौसीने दत्तक नाकारला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातले जडजवाहीर बाहेर काढले गेले. हत्ती, घोडे, बैल लिलावात विकले गेले. ज्यांच्याशी तिने चाळीस वर्षे जुळवून घेतले, त्यांनीच तिच्या डोळ्यांदेखत घर धुऊन नेले. सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन, अशी धमकी त्या वेळी बांकाबाईने दिल्याचे इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. राण्यांनी दाद मागण्यासाठी विलायतेपर्यंत माणसे धाडली. काही उपयोग झाला नाही. १८५८ साली बांकाबाई वारली.

पोळा हा बैलांचा सण. राजाचे बैल लिलावात गेले त्या साली नागपुरात पोळा कसा झाला असेल? मला तर नाटकाचा सर्वांत मोठा प्रवेश येथेच दिसतो. एका बाजूला लिलावाची बोली, दुसऱ्या बाजूला तोरणाखाली उभे असलेले शेतकऱ्यांचे बैल आणि त्यांच्या झडत्या. हा प्रवेश आपल्याला कोणाकडून मागून आणावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बांकाबाई १८५८ मध्ये वारली आणि मारबतीच्या मिरवणुकीचा काळ १८८० नंतरचा सांगतात. मध्ये वीसहून अधिक वर्षे गेली. या वर्षांत इंग्रजांचे राज्य पक्के झाले होते. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली होती. रेल्वे आली होती. पुतळा इंग्रज अधिकाऱ्याचा काढला असता तर काय झाले असते हे सांगायला नको. मेलेल्या विधवा राणीचा पुतळा काढायला मात्र भीती नव्हती. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण नाटक लिहिणाऱ्याने तर्क करायचा नाही तर कोणी करायचा?

माझी आई मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जाते. शाळेत ती चौथीपर्यंतच गेली. मी तिला विचारले, मारबत म्हणजे बांकाबाई, हे तुला ठाऊक आहे का? ती म्हणाली, "मारबत म्हन्जे मारबत. तिले कायचं नाव आन कायचं गाव?" मला हे उत्तर फार महत्त्वाचे वाटते. खेड्यातल्या मारबतीला नाव नाही, म्हणून तिच्याबरोबर फक्त रोगराई जाते. नाव दिले की बरोबर माणूस जातो.

येथे प्रश्न केवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या राणीचा राहत नाही. आमच्याकडे भांडणात बाईला 'मारबत' म्हणतात. एखादी एकटी राहणारी म्हातारी असते. शेजारचे पोर आजारी पडते, कोणाची म्हैस आटते. मग कुजबूज सुरू होते, हिनेच काही केले. अशा संशयावरून बायकांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्या विदर्भातून येत राहिल्या आहेत. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायदा पोलीस ठाण्यात असतो, कुजबूज मात्र वट्यावर असते. वट्यापर्यंत कायद्याला जाता येत नाही, पण नाटकाला जाता येते. पूतना, बांकाबाई आणि ती गल्लीच्या टोकाची म्हातारी, या तिघींना एका ओळीत उभे करून प्रेक्षकांना विचारावे, यातली कोणती जाळायची? कोणी ठरवले?

आणि गंमत अशी की मूळ भागवत याबाबतीत आपल्यापेक्षा उदार आहे. दशम स्कंधात पूतनेचे धूड जाळले तेव्हा त्याच्या धुराला अगरूचा सुगंध आला असे वर्णन आहे. विष घेऊन का होईना, तिने कृष्णाला स्तन दिले, म्हणून तिला आईची गती मिळाली असे भागवत सांगते. आपण पूतनेचे विष लक्षात ठेवले, सुगंध विसरलो. आपल्या नाटकाचा शेवट कसा करावा हा प्रश्न पडला तर उत्तर या धुरात आहे.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप आमच्या गुरुजनांकडून येईल. पुराण आणि इतिहास यांची सरमिसळ केली तर विद्यार्थ्यांच्या डोक्यात गोंधळ होईल, असे ते म्हणतील. आक्षेप रास्त आहे. पण सरमिसळ आधीच झालेली आहे, ती आपण करणार नाही. दरवर्षी रस्त्यावर हजारो लोक ती पाहतात. नाटकात ती सुटी करून दाखवता येते. सूत्रधाराने स्पष्ट सांगावे की हे भागवतात आहे, हे इतिहासात आहे आणि हे लोक म्हणतात. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आले तेव्हा नाना फडणविसांच्या चित्रणावरून वादळ उठले. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. मला त्यातून एवढेच दिसते की इतिहासातल्या माणसाचे नाव घेतले की जबाबदारी येते. ती टाळण्याचा मार्ग नाव न घेणे हा नसून नीट वाचून नाव घेणे हा आहे. यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' १९३४ चा आहे. तो मिळवून वाचावा. इतिहासाच्या प्राध्यापकांनी तालमीला यावे, चुकेल तेथे कान धरावा.

दुसरा आक्षेप मित्रमैत्रिणींकडून येईल. आपली बोली रंगमंचावर आणली तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लोक हसतील. हसू द्यावे. आपल्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गावोगाव रात्रभर नाटके होतात. लोक तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. त्या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या भागात दंडार आहे, खडी गंमत आहे. शाहीर उभा, वादक उभे, नट उभे. सोफा लागतच नाही! ढोलकी, तुणतुणे आणि चार धीट माणसे एवढे भांडवल पुरे. पोळ्याच्या झडत्यांनी नाटकाची सुरुवात करावी. झडती म्हणणारा मालकाला, सरकारला, कोणालाही टोमणा मारू शकतो आणि कोणी रागावत नाही. एवढे स्वातंत्र्य आपल्या कोणत्या एकांकिकेत आहे?

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जाणार नाही, म्हणून मीच बोलते. खडी गंमतीत बायकांची कामे पुरुषच करीत आले. आमच्या घरच्यांना मुलीने रंगमंचावर जाणे रुचत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे माझ्या प्रत्येक पावलाकडे सारी वस्ती पाहते. 'शिकायला गेली की नाचायला?' हा प्रश्न माझ्या मैत्रिणींनाही ठाऊक आहे. तरीही माझा आग्रह आहे की बांकाबाईचे काम मुलीनेच करावे. पुरुषाने लुगडे नेसून ती उभी केली तर प्रेक्षक हसतील आणि तिला जाळणे सोपे होईल. मुलगी उभी राहिली आणि तिने वाडा पेटवून देण्याची धमकी दिली, तर सभागृह एक क्षण गप्प होईल. तो एक क्षण आपल्याला हवा आहे.

नाटकाच्या शेवटी पुतळा असावा, पण त्याला चेहरा नसावा. खेड्यातल्या मारबतीसारखी नुसती पळसाची डहाळी असावी. तिच्याबरोबर काय काय घालवायचे ते प्रेक्षकांनी सांगावे. कोणी महागाई म्हणेल, कोणी दारू म्हणेल, कोणी बेकारी म्हणेल. एखादी मुलगी उठून संशय म्हणेल, कुजबूज म्हणेल. शिवेबाहेर जायला हव्यात त्या या गोष्टी. माणसे गावात राहू द्यावीत.

यावर कोणी म्हणेल की मग सणाचा जोर गेला, राग गेला. मला तसे वाटत नाही. राग राहावाच. इंग्रजांनी नागपूरचे राज्य गिळले त्याचा राग राहावा आणि आपल्यातल्यांनी त्यांना हात दिला त्याचाही राहावा. पण रागाला हिशेब असावा. आई सातऱ्यावर दिवसभर खुडलेली मिरची संध्याकाळी तोलून देते. काट्यावर किलोभरही इकडेतिकडे झालेले तिला चालत नाही, कारण त्यात तिची मजुरी असते. इतिहासही असाच तोलून घ्यायला हवा. त्यात कोणाची तरी अब्रू असते.

तेव्हा संमेलनाच्या चिटणीसांना आणि मराठी, इतिहास या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. यंदा संहिता बाहेरून मागवू नये. चार विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात बसावे, चार विद्यार्थ्यांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मारबतीच्या गोष्टी आणि झडत्या लिहून आणाव्यात, एकाने नागपूरला जाऊन पुतळा बांधणाऱ्या कारागिरांना भेटावे. दिवाळीपर्यंत संहिता तयार होईल. तालमीसाठी जागा नसेल तर कन्हानचा काठ आहे. नाटक कदाचित कच्चे होईल, कदाचित बक्षीस मिळणार नाही. पण ते पाहायला माझी आई येईल आणि रंगमंचावर काय चालले आहे हे तिला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. आजवरच्या एकांकिकांबाबत हे म्हणता येत नाही.

(बी. ए. भाग २)